गाडी उभी, रस्ता धावता

अपघाताचा अभ्यास कसा करायचा? रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एखादी क्रिया समजून घ्यायची असेल, तर आपण ती पुन्हा पुन्हा घडवून आणतो. तापमान बदलतो, प्रमाण बदलतो, नोंदी घेतो. रस्त्यावरच्या अपघाताच्या बाबतीत ही सोय नाही. चालकाची प्रतिक्रिया तपासायची म्हणून धावत्या गाडीसमोर मूल सोडता येत नाही, की कोणाला दारू पाजून महामार्गावर पाठवता येत नाही. जे अपघात आपोआप घडतात, त्यांच्याविषयी चालक सांगतो ती माहितीही अपुरीच असते. 'मी ब्रेक जोरात दाबला होता' असे तो प्रामाणिकपणे सांगतो. पण किती जोरात, हे त्यालाही ठाऊक नसते.

प्रश्न मात्र टाळण्यासारखा नाही. २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दर तासाला सुमारे १९.

यातून संशोधकांनी काढलेली वाट म्हणजे खोटा रस्ता. गाडी जागेवर उभी ठेवायची, रस्ता तिच्यासमोर धावता ठेवायचा आणि चालकाचे निरीक्षण करायचे. अशा यंत्राला सिम्युलेटर म्हणतात. पण खोट्या रस्त्यावर वागणारा माणूस खऱ्या रस्त्यावरही तसाच वागेल, हे कशावरून? सिम्युलेटर खऱ्या गाडीसारखा असावा म्हणजे नेमका कशात? सिम्युलेटरचा इतिहास हा बराचसा या प्रश्नाचाच इतिहास आहे, आणि गंमत अशी की त्याचे फार चांगले उत्तर अगदी सुरुवातीलाच मिळाले होते.

बोस्टनची ट्राम आणि पुठ्ठ्याचे पत्ते

१९१२ च्या सुमारास अमेरिकेतील मोठ्या शहरांत विजेच्या ट्रामगाड्या धावत होत्या. त्याच रस्त्यांवर पादचारी, घोडागाड्या आणि नव्याने आलेल्या मोटारी यांची गर्दी असे. काही ट्राम कंपन्यांना वर्षाकाठी पन्नास हजारांपर्यंत नुकसानभरपाईची प्रकरणे निस्तरावी लागत. अपघात टाळू शकणारे चालक आधीच ओळखता येतील का, हा प्रश्न हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्यून्स्टरबर्ग यांच्याकडे आला.

कोणाच्याही मनात पहिल्यांदा येईल तो विचार असा, की ट्रामची आणि रस्त्याची छोटी प्रतिकृती करावी. म्यून्स्टरबर्ग यांनी तो सोडून दिला. बाहेरून हुबेहूब दिसणारे खेळणे माणसाच्या मनात खेळण्याचेच भाव जागे करील, असे त्यांचे म्हणणे होते. नुसता प्रतिक्रियाकाल मोजणेही त्यांना पुरेसे वाटले नाही. ट्रामचालकाचे खरे काम हात चटकन हलवण्याचे नसते. समोर हलणाऱ्या दहा गोष्टींपैकी कोणती आपल्या रुळावर येणार, हे सतत ताडत राहणे हे ते काम असते.

म्हणून त्यांनी पुठ्ठ्याचे पत्ते केले. प्रत्येक पत्ता सुमारे ११ सेंटिमीटर रुंद आणि ३३ सेंटिमीटर लांब, त्यावर चौकोनी घरे. मधोमध दोन जाड रेघा म्हणजे ट्रामचा रूळ. रुळावरच्या प्रत्येक घराला एक अक्षर. आजूबाजूच्या घरांत १, २, ३ हे आकडे. १ म्हणजे पादचारी, तो एक घर चालतो. २ म्हणजे घोडा, तो दोन घरे जातो. ३ म्हणजे मोटार, ती तीन घरे जाते. काळे आकडे रुळाला समांतर जाणारे, म्हणून निरुपद्रवी. लाल आकडे रुळाच्या दिशेने येणारे. रुळापासून दोन घरे दूर असलेला लाल २ बरोबर रुळावर येणार, म्हणून तिथे धोका. तीन घरे दूर असलेला लाल २ अलीकडेच राहणार आणि एकाच घरावर असलेला लाल ३ रूळ ओलांडून पलीकडे जाणार, म्हणून ते दोन्ही निर्धोक. पत्त्यावरून एक छोटी खिडकी सरकत जाई. ती सरकवणारा दांडा चालकाच्याच हातात असे आणि धोक्याच्या घरांची अक्षरे त्याने मोठ्याने सांगायची. लागलेला वेळ आणि सुटलेले धोके या दोन्हींवरून गुण ठरत.

उत्तम नोंद असलेले जुने चालक आणि अपघातांमुळे ज्यांची नोकरी जेमतेम टिकून होती असे चालक, या दोन गटांच्या गुणांत फरक दिसला. चालकांनी सांगितले, की गाडी हाकताना मनाची जी अवस्था असते, तीच या पत्त्यांसमोर बसताना होती. १९१३ साली म्यून्स्टरबर्ग यांनी हा प्रयोग आपल्या पुस्तकात नोंदवला.

इथे ना आसन होते, ना चाक, ना रस्ता. तरीही हा सिम्युलेटरच होता. सारखेपणा होता तो मनाला कराव्या लागणाऱ्या कामात.

पेटीचा भाता आणि विमान

यानंतरचा मोठा टप्पा रस्त्यावर नाही, तर आकाशात आला. न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावात एडविन लिंक याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. आपल्या बाजाच्या पेटीप्रमाणेच त्या वाद्यांतही भात्याच्या हवेवर काम चाले. एडविनने हेच भाते एका छोट्या, विमानासारख्या दिसणाऱ्या खोक्याखाली बसवले. दांडा हलवला की भाते फुगत-मिटत आणि खोके झुकत, वळत असे. १९२९ पर्यंत हे यंत्र तयार झाले. सुरुवातीला त्याचे गिऱ्हाईक म्हणजे करमणुकीची उद्याने.

१९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांकडे टपालवाहतुकीचे काम आले. ढगांत आणि अंधारात केवळ उपकरणांवर भरवसा ठेवून उडण्याची सवय नसल्याने काही आठवड्यांतच डझनभर वैमानिक प्राणांस मुकले. त्याच वर्षी लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात ती हजारोंच्या संख्येने वापरली गेली.

विमानाचा सिम्युलेटर इतक्या लवकर आणि मोटारीचा इतक्या उशिरा का? कारण लिंकच्या यंत्रात बाहेरचे दृश्य दाखवावेच लागत नव्हते. ढगात शिरलेल्या वैमानिकाला काटे आणि तबकड्याच दिसतात. खोक्यावर झाकण घातले की काम झाले. मोटारचालकाचे मात्र जवळजवळ सारे काम डोळ्यांनी बाहेर पाहण्याचे. त्याच्यापुढे रस्ता उभा करावाच लागतो.

१९५० आणि १९६० च्या दशकांत हा रस्ता चित्रपटाच्या पडद्यावरून आला. खरी गाडी रुळांवर उभी करायची आणि समोर चित्रफीत चालवायची. पण चित्रफितीतला रस्ता आधीच ठरलेला असतो. चालकाने चाक उजवीकडे वळवले तरी पडद्यावरची गाडी सरळच जाते. आपल्या कृतीचा परिणाम दिसला नाही, की गाडी चालवण्याची जाणीवच संपते आणि चालकाचा प्रेक्षक होतो. ही अडचण संगणकाने सोडवली. जर्मनीतील फोक्सवॅगन कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकाने रेखाटलेला, चाकाच्या हालचालीप्रमाणे बदलणारा रस्ता वापरला. १९८० च्या दशकात स्वीडनमधील रस्ते संशोधन संस्थेने लिंचोपिंग येथे असा सिम्युलेटर उभारला आणि १९८५ साली डाइमलर-बेंझ कंपनीचा मोठा सिम्युलेटर बर्लिनमध्ये सुरू झाला. त्यात सहा सरकत्या पायांवर उभा असलेला एक घुमट होता आणि घुमटाच्या आत अख्खी मोटार.

शरीराला फसवण्याचे गणित

घुमट कशासाठी हलवायचा? ब्रेक लागला की आपले शरीर पुढे फेकले जाते. चालक वेगाचा अंदाज केवळ डोळ्यांनी घेत नाही, शरीरानेही घेतो. पण खोलीत उभ्या असलेल्या गाडीत ब्रेकचा धक्का आणायचा कुठून?

उत्तर अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे. घुमट पुढे झुकवला, की गुरुत्वाकर्षणाचा एक घटक चालकाला पुढे ओढतो. झुकण्याचा कोन θ असेल, तर तो घटक g sin θ इतका. मध्यम ब्रेकचे ऋण त्वरण ०.३ g धरले, तर sin θ = ०.३, म्हणजे कोन सुमारे १७ अंश. पडद्यावरचा रस्ताही घुमटाबरोबरच झुकत असल्याने चालकाला आपण झुकलो हे दिसत नाही. ब्रेक लागला असेच वाटते.

मात्र झुकवणे सावकाश हवे. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना वळणे चटकन कळते. सेकंदाला सुमारे ३ अंशांपेक्षा अधिक वेगाने झुकवले, तर फसवणूक उघडी पडू शकते. या गतीने १७ अंश गाठायला जवळजवळ सहा सेकंद लागतात, आणि ब्रेकचा धक्का तर तत्क्षणी जाणवायला हवा. तेवढा वेळ भरून काढण्यासाठी घुमट खरोखरच सरकवावा लागतो. सेकंदाला ३ मीटर प्रति सेकंद हे त्वरण दोन सेकंद टिकवायचे, तर अंतर लागते ½ × ३ × २² = ६ मीटर. पाच सेकंद टिकवायचे, तर ३७.५ मीटर! २००७ साली टोयोटा कंपनीने जपानमधील आपल्या हिगाशी-फुजी केंद्रात उभारलेला घुमट ३५ मीटर लांब आणि २० मीटर रुंद जागेत का फिरतो, हे या साध्या गणितावरून ध्यानात येते.

बर्लिनमध्ये सापडलेली सवय

एवढा खर्च करून काय मिळाले? एक उदाहरण पुरेसे आहे. १९९२ साली बर्लिनच्या सिम्युलेटरमध्ये चालकांसमोर अचानक संकट उभे करून ते ब्रेक कसा दाबतात, याची नोंद घेण्यात आली. ९० टक्क्यांहून अधिक चालक पुरेशा जोराने ब्रेक दाबतच नाहीत, असे आढळले. पाय ब्रेकवर झटकन जात होता. पण पूर्ण ताकद लावली जात नव्हती.

खऱ्या रस्त्यावर हे कधीच कळले नसते. चाचणीच्या मैदानावर चालकाला 'आता ब्रेक दाब' असे सांगितले, की तो पूर्ण जोराने दाबतो. खऱ्या अपघातानंतर पायाचा दाब मोजायला कोणी नसते. धक्का अनपेक्षित हवा, मोजमाप अचूक हवे आणि कोणाला इजा होता कामा नये, या तिन्ही अटी फक्त खोट्या रस्त्यावरच पुऱ्या होतात.

पुढची पायरी महत्त्वाची होती. चालकांना दोष देऊन न थांबता अभियंत्यांनी त्यांच्या सवयीतच खूण शोधली. दाब कमी असला, तरी पायाचा वेग मात्र नेहमीपेक्षा जास्त होता. पेडल खाली जाण्याचा वेग मोजायचा आणि तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की यंत्रणेने स्वतःच पूर्ण दाब द्यायचा, अशी योजना झाली. ही 'ब्रेक असिस्ट' यंत्रणा १९९६ साली मर्सिडीज मोटारींत आली आणि नंतर इतर कंपन्यांच्या गाड्यांतही पसरली.

फोन, मद्य आणि इंधन

अमेरिकेतील युटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० प्रौढ चालकांना सिम्युलेटरमध्ये एका गाडीच्या मागे गाडी चालवायला लावले. प्रत्येकाने चार प्रकारे चालवली: नेहमीप्रमाणे, हातात फोन धरून बोलत, हात मोकळे ठेवून फोनवर बोलत आणि मद्य घेऊन. मद्याचे प्रमाण रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम होते. भारतातील कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनुसार मद्य घेतलेले चालक पुढच्या गाडीच्या फार जवळून जात आणि जोरात ब्रेक मारत. फोनवर बोलणाऱ्यांची प्रतिक्रिया मंदावली होती. तीन चालकांनी पुढच्या गाडीला धडक दिली आणि तिघेही त्या वेळी फोनवर बोलत होते. हातात फोन धरणे आणि हात मोकळे ठेवून बोलणे यांत फरक दिसला नाही.

मग शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्याचे काय? २००८ साली त्याच गटाने तेही तपासले. महामार्गावरून ठरलेल्या विश्रांतिस्थानाकडे वळायचे होते. फोनवर बोलणाऱ्यांपैकी निम्मे चालक ते वळण चुकले. शेजाऱ्याशी बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते सापडले. शेजारी बसलेला माणूस रस्ता पाहत असतो, गर्दी दिसली की गप्प बसतो, 'इथे वळायचे ना?' असेही सांगतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसत नाही.

इंधनाच्या काटकसरीसाठीही हे यंत्र उपयोगी पडते, कारण वारा, चढ आणि वाहतूक सर्वांना अगदी सारखी देता येते. नेदरलंड्समध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चालकांना केवळ 'इंधन वाचवा' असे सांगितल्यावर खप ९ टक्क्यांनी घटला. गिअर केव्हा बदलावा, वेग कसा राखावा याचा सल्ला देणारे साधन गाडीत ठेवल्यावर तो १६ टक्क्यांनी घटला.

खोट्या रस्त्याची परीक्षा

हे आकडे जसेच्या तसे खऱ्या रस्त्याला लावता येतात का? १९८२ साली नेदरलंड्समधील ब्लाउ या संशोधकाने चालकांना सिम्युलेटरमध्ये आणि उपकरणे बसवलेल्या खऱ्या मोटारीत अशा दोन्ही ठिकाणी बसवून तुलना केली. त्यातून एक उपयुक्त भेद रूढ झाला. दोन्हीकडे आकडा तोच आला, तर ती निरपेक्ष यथार्थता. आकडे वेगळे आले पण फरकाची दिशा तीच राहिली, उदाहरणार्थ नवखा चालक दोन्हीकडे अनुभवी चालकापेक्षा कमी पडला, तर ती सापेक्ष यथार्थता. सिम्युलेटरकडून दुसरी अपेक्षा ठेवणे अधिक सुरक्षित असते.

उणिवाही आहेत. डोळे सांगतात आपण धावतो आहोत, कान सांगतात बसलो आहोत. या विसंगतीने काहींना मळमळते आणि ते प्रयोग अर्धवट सोडतात. मरणाची भीती तर इथे नसतेच. शिवाय प्रयोगात केव्हा बोलायचे हे प्रयोगकर्ता ठरवतो. रस्त्यावर ते चालक स्वतः ठरवतो. अमेरिकेत १०० मोटारींत कॅमेरे बसवून सुमारे वर्षभर केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नजर रस्त्यावरून हटणे हाच मोठा धोका ठरला. नुसत्या बोलण्याचा धोका त्या मानाने कमी दिसला. म्हणून खोटा रस्ता आणि खरा रस्ता यांना एकमेकांचे साक्षीदार म्हणून उभे करावे लागते. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये.

आपल्या रस्त्यावर

पवईच्या आय.आय.टी.मध्ये पुष्पा चौधरी आणि नागेंद्र वेलगा यांनी १०० परवानाधारक चालकांवर केलेला सिम्युलेटरचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. अचानक पादचारी आडवा आल्यावर साधे बोलणे चालू असलेल्या चालकाचा प्रतिक्रियाकाल सुमारे ४० टक्क्यांनी वाढला, अवघड बोलण्याने सुमारे ९५ टक्क्यांनी, आणि गुंतागुंतीचा संदेश लिहिताना तर तो जवळजवळ तिप्पट झाला. म्हणजे बोलणे जितके अवघड, तितका अधिक वेळ लागत होता. आपल्या मोटार वाहन कायद्यातील २०१९ ची दुरुस्ती मात्र हातात धरलेल्या उपकरणाबद्दल बोलते. कायद्याला हात दिसतो; अवधान दिसत नाही.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही. २०२२ च्या मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि पादचाऱ्यांची संख्याही मोठी होती. सिम्युलेटर मात्र जगभर प्रामुख्याने मोटारीसाठी बनतात. बोस्टनच्या पत्त्यांवर बोस्टनच्याच रस्त्यावरचे पादचारी, घोडे आणि मोटारी होत्या. आपल्या पत्त्यांवर मधूनच वळणारी रिक्षा, उलट्या दिशेने येणारी दुचाकी आणि थांब्यावरच्या बसमागून धावत येणारे शाळकरी मूल हवे.

हे पत्ते वर्गात करता येतात. चौकोनी कागदावर मधोमध रूळ काढावा, घरांना अक्षरे द्यावीत, लाल-काळे आकडे भरावेत आणि पुठ्ठ्याला खिडकी कापून ती कागदावरून सरकवावी. आधी शांतपणे धोक्याची अक्षरे सांगायला लावावीत. वेळ आणि चुका लिहून घ्याव्यात. मग दुसऱ्या पत्त्यावर तेच काम चालू असताना शेजाऱ्याने तोंडी हिशेब विचारावेत. निम्म्या मुलांनी हिशेबाचा पत्ता आधी सोडवावा, म्हणजे सरावाचा फायदा एकाच बाजूला जाणार नाही. दोन्ही रकाने फळ्यावर मांडल्यावर मुलांना विचारावे: इथे हात तर मोकळेच होते, मग सुटलेली अक्षरे कुठे गेली?